वाचकांचे प्रश्न : गावचे वीरस्तंभ, स्मृतिशिला आणि वीरगळ

ठाणे-रायगड जिल्ह्यांतून आणि नवी मुंबईच्या गावठाणांतून आलेल्या पत्रांत यंदा एक विषय वारंवार दिसतो: युद्धात किंवा लढ्यात कामी आलेल्या माणसांचे गावातले स्मारक पडायला आले आहे, निधी मंजूर झाला आहे, आता काय करायचे? बहुतेक पत्रांसोबत ठेकेदाराच्या अंदाजपत्रकाची प्रत आहे आणि त्या प्रत्येकात ‘सुशोभीकरण’ हा शब्द आहे. या शब्दाखाली टाइल, ग्रॅनाइट आणि स्टीलचे रेलिंग येते; स्मारक वाचवणारे एकही काम येत नाही. पाच पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात काळ्या दगडाचा वीरस्तंभ आहे. चौथरा दोन मीटर चौरस, एक मीटर उंच. दगडांच्या सांध्यांतून पिंपळ उगवला आहे, एक कोपरा खचला आहे, स्तंभही किंचित झुकल्यासारखा वाटतो. ठेकेदार म्हणतो, सिमेंटचा गिलावा करून वर ग्रॅनाइट लावतो, २६ जानेवारीच्या आत काम देतो. करून घ्यावे का?
(ग्रामपंचायत सदस्य, मुरबाड तालुका)

उत्तर : करून घेऊ नये. काळा पाषाण पाणी फारसे पीत नाही. चौथऱ्यात शिरलेले पाणी बाहेर पडते ते सांध्यांमधल्या चुन्यातून. सिमेंटने ती वाट बंद होते. वरच्या फटींतून पावसाचे पाणी आत जातच राहते आणि आतला चुन्याचा भराव हळूहळू धुतला जातो. सिमेंटमधले क्षार दगडाच्या कडेला साठून दाणा सुटू लागतो, तो भाग वेगळाच. चार-पाच पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि सुटताना दगडाची कड घेऊन खाली येतो. ग्रॅनाइटच्या मागे हेच होते, फक्त दिसत नाही.

आधी कोपरा का खचला ते शोधा. पन्नास पावले अंतरातला नळ, गटार, शेजारच्या छपराची पागोळी, रस्ता उंच केल्यामुळे उलटा झालेला उतार, यांपैकी काहीतरी एक सापडतेच. त्या कोपऱ्याशी साठ सेंटिमीटर खोल एकच लहान खड्डा घेऊन पाया पाहा. संपूर्ण बाजू एकदम उकरली तर उरलेला चौथराही बसेल. भेगेवर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहा. एका पावसाळ्यात ती तडकली तर पाया अजून हलतो आहे, आणि मग स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नये. तडकली नाही तर पाण्याची वाट वळवणे हीच निम्मी दुरुस्ती. चौथऱ्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार द्या, मीटरमागे अडीच सेंटिमीटर पुरे. हा पट्टा दगडी फरसबंदीचा किंवा खडीचा असावा. चौथऱ्याला टेकून काँक्रीट ओतलेत तर जमिनीतला ओलावा थेट चौथऱ्यात चढेल.

स्तंभाला ओळंबा लावून झुकाव मोजा आणि लिहून ठेवा. वर्षभर तो तेवढाच राहिला तर स्तंभ सरळ करण्याच्या फंदात पडू नका. जेसीबीच्या बकेटने ‘थोडासा ढकलून’ सरळ केलेले स्तंभ बुडाशी मोडतात.

पिंपळ उपटू नका. मूळ आत दोन-तीन दगडांना वेढून बसलेले असते, ओढले की दगडच निघतात. रोप सांध्यापासून पाच-सात सेंटिमीटरवर कापायचे आणि ताज्या कापावर काही मिनिटांतच तणनाशक ब्रशने लावायचे. उशीर झाला तर काप सुकतो आणि औषध आत जात नाही. यासाठी ग्लायफोसेट वापरतात. पण २०२२ पासून ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच वापरून घेता येते. गावातल्या फवारणीवाल्याला सांगू नका. खोड वाळून मूळ कुजायला काही महिने लागतात. तोवर सांधा भरू नये. जिवंत मुळावर चुना भरला की पुढच्या पावसात कोंब शेजारच्या सांध्यातून निघतो.

मग दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरण्याचे काम. जुने सिमेंट बारीक छिन्नीने आणि हलक्या हातोडीने काढा. अँगल ग्राइंडर चालवू देऊ नका, त्याची पाती दगडाच्या कडा खाते आणि ती खूण कायमची राहते. सांधा जेवढा रुंद त्याच्या किमान दुप्पट खोल, आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी नाही, इतका मोकळा करायचा. धूळ काढून आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी पाणी मारायचे. मसाला: नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, ३.५ प्रतीचा, एक भाग आणि धुतलेली नदीची किंवा चाळलेली क्रश वाळू अडीच ते तीन भाग, घमेल्याने मोजून. हा चुना मिळाला नाही तर किमान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, भट्टीत चांगल्या भाजलेल्या विटांची सुरखी (भुकटी) एक भाग, वाळू दोन भाग. ‘थोडे सिमेंट टाकले तर लवकर धरेल’ असे गवंडी म्हणेलच. टाकू देऊ नका. खाडीची रेती तर आवाराबाहेरच ठेवा. तिच्यातले मीठ पावसाळ्यात विरघळते, उन्हाळ्यात पुन्हा दाणे धरते आणि सांधा आतून फोडते.

आपल्या मापाच्या चौथऱ्याला चार बाजू मिळून आठ चौरस मीटर दरजा भरायच्या आहेत. दगड फूटभराचे, सांधे दोन सेंटिमीटर रुंद व तीन खोल धरले तर सुमारे ३२ लिटर मसाला लागतो, नासाडी धरून ४२. म्हणजे चार घमेली वाळू आणि नऊ-दहा किलो चुना. २५ किलोची एक गोणी पुरून उरते. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात सिमेंटच्या किती गोण्या आहेत, ते एकदा पाहा.

मसाला थापीने दाबून दोन थरांत भरा, दगडाच्या पृष्ठापेक्षा किंचित आत ठेवा, दगडावर पसरू नका. चुना वाळून घट्ट होत नाही. ओलावा आणि हवा दोन्ही मिळाले तरच धरतो. म्हणून ओले गोणपाट किमान सात दिवस, जमल्यास पंधरा. कडक उन्हात उघडा राहिला तर पावडर होतो, आणि मग ‘चुना टिकत नाही’ असा बोभाटा होतो. आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ. एप्रिलच्या मध्यानंतर सुरू केलेले काम जूनच्या पहिल्या पावसाच्या आत पुरेसे धरत नाही. २६ जानेवारीचा मुहूर्त साधायचाच असेल तर तोवर गवत काढून, झेंड्याची दोरी बदलून, आवार झाडून घ्या.

प्रश्न : चावडीच्या भिंतीत १९१४–१९१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. पिवळी पडली आहे, वर ऑइलपेंटचे शिंतोडे आहेत, काही अक्षरांतला काळा भाग गळून गेला आहे. फरशी साफ करायच्या अॅसिडने पुसावी का? आणि अक्षरे नव्याने खोदून घ्यावीत का?
(निवृत्त शिक्षक, शहापूर तालुका)

उत्तर : अॅसिड पाटीच्या जवळही नेऊ नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अॅसिड पडताच फेस येतो तो मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. पाटी त्या दिवशी पांढरी दिसते, पण पृष्ठभाग खडबडीत झाल्याने पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने शेवाळ धरते, आणि अक्षरांच्या कडा कायमच्या जातात.

काहीही करण्याआधी फोटो घ्या. दिवसा समोरून घेतलेल्या फोटोत झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. अंधार पडल्यावर टॉर्च पाटीला जवळजवळ समांतर धरा, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा तिथेच ठेवून फोटो घ्या. अक्षरांच्या खोलगट भागात सावली पडते आणि डोळ्यांना न दिसणारा मजकूर वाचता येतो. खडू, पीठ किंवा कोळसा अक्षरांत भरून वाचण्याची पद्धत सोडून द्या.

धुण्यासाठी नळाचे गोडे पाणी, बोअरचे नाही. मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर. वरून सुरू केले तर मळकट ओघळ कोरड्या भागात मुरतात. पाण्याने जात नसेल तर साबणविरहित न्यूट्रल डिटर्जंट, बादलीभर पाण्यात झाकणभर, आणि नंतर भरपूर पाणी. कपडे धुण्याचा सोडा नको. पाटीला हळद लागलेली असेल तर अल्कलीने ती लाल होते आणि लोकांना वाटते डाग वाढला. हळदीचा डाग बहुतेक वेळा ऊनच उडवते. गाडी धुण्याचा प्रेशर जेट वापरू नये.

आत मुरलेल्या पिवळेपणासाठी लगदा लावतात: टिश्यू किंवा सोख्ता कागद बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, सेंटिमीटरभर जाड थर द्यायचा, वर प्लॅस्टिक चिकटवून एक दिवस ठेवायचे, मग प्लॅस्टिक काढून लगदा पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो दगडातले क्षार आणि मळ ओढून घेतो. म्हणून अर्धवट ओला असताना सोलून काढला तर सगळे परत आत जाते. दोन-तीनदा करावे लागते. ऑइलपेंटसाठी जेलसारखा पेंट रिमूव्हर आधी कोपऱ्यात पाच सेंटिमीटर चौरस जागी लावून पाहा, दुसऱ्या दिवशी दगड बदललेला नसेल तरच पुढे जा. खरवडायला बांबूची चिपाटी, पत्रा किंवा ब्लेड नाही.

पाटी लोखंडी स्क्रूंनी बसवलेली असेल तर आजूबाजूचा तांबूस डाग स्क्रूचा आहे. लोखंड गंजले की मूळ आकाराच्या कित्येक पट फुगते आणि संगमरवराचा कोपरा उडवते. स्क्रू हळूच काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवा. बाजारात सहज मिळणारे ३०४ खाडीच्या खाऱ्या हवेत ठिपके धरते.

अक्षरांतला काळा भाग बहुतेक शिशाचा असतो. खोदलेल्या अक्षरात बारीक भोके पाडून त्यांत शिसे ठोकून बसवलेले असते. निसटलेल्या जागी भोके दिसत असतील तर ती तशीच ठेवा. जाणकार कारागीर मिळाला तर त्याच भोकांत शिसे पुन्हा भरतो. मिळाला नाही तर खोलगट भागात काळा मॅट रंग बारीक ब्रशने भरा, पाच-सात वर्षांनी तो पुन्हा भरावा लागेल, हरकत नाही. पुन्हा खोदू मात्र नका. नव्या खोदकामात मूळ अक्षराचे वळण जाते, आणि झिजलेला ३ कारागिराने ८ केला तर तो कायमचा ८ होतो. पारदर्शक लॅकर, मेण, सिलिकॉनचा थर, यांपैकी काहीही वर देऊ नका.

एक बारीकशी गोष्ट: स्वातंत्र्यदिनी पाटीखालच्या कट्ट्यावर नारळ फुटतो आणि हार खिळ्याला अडकतो. नारळासाठी बाजूला वेगळा दगड ठेवा, हार लोखंडी तारेऐवजी सुतळीने बांधा.

प्रश्न : आमच्या पाटीवर गावातून किती माणसे गेली आणि किती परत आली नाहीत एवढाच आकडा आहे. नावे नाहीत. ती शोधून पाटीवर टाकता येतील का?
(माजी सैनिक, भिवंडी तालुका)

उत्तर : शोधता येतील. पण जुन्या पाटीवर एकही अक्षर वाढवू नका. तशा पाट्या सरकारने गावोगाव आकड्यांसहच बसवल्या होत्या; नावे नसणे हाही त्या पाटीचा इतिहास आहे. नावांसाठी शेजारी नवी शिळा उभी करा.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर मोफत आहे. पहिल्या महायुद्धासाठी ती ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू धरते. त्यामुळे युद्ध संपल्यावर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तापाने गेलेला माणूसही तिच्यात असू शकतो. शोधताना आजचे शुद्धलेखन विसरा. रोमन लिपीत जिल्हा ‘Thana’ किंवा ‘Kolaba’ असा टाका. उरण-पनवेलची गावे कुलाब्यात होती, आणि २०१४ मध्ये वेगळा झालेला पालघर तेव्हा ठाण्यातच होता. आडनाव बहुधा नसतेच. सखाराम, महादू, बाळू असे एकच नाव, पुढे वडिलांचे नाव आणि गाव. तेही कारकुनाला ऐकू आले तसे लिहिलेले. म्हणून नावावरून नव्हे, गावावरून शोध घ्या आणि गावाच्या नावाचे तीन-चार वेगवेगळे रोमन उच्चार करून पाहा.

पलटणीवरून शोधणेही सोपे पडते. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी आणि १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार. १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होत्या. कुत २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले, त्यानंतरचे बरेच मृत्यू तुर्कांच्या कैदेतले आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत, केवळ संख्या दिली गेली. त्यामुळे दगडावर नाव नाही म्हणून नोंदही नाही, असे समजू नका. दिल्लीचे इंडिया गेट आणि फ्रान्समधले नव-शापेल इथली नावे त्याच यादीत मिळतात. १९४७ नंतरच्या जवानांसाठी २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झालेले राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहा.

सापडलेली नावे कच्च्या यादीच्या रूपात ग्रामपंचायतीच्या फलकावर महिनाभर लावा. घराण्यांकडून हरकती येतील, त्या याच टप्प्यावर याव्यात. मग ग्रामसभेचा ठराव, मग कोरीवकाम. अक्षर किमान दोन सेंटिमीटर उंच, तीन मिलिमीटर खोल, हाताने कोरलेले. ग्रॅनाइटवर लेझरने काढलेली अक्षरे काही वर्षांत ओळखू येत नाहीत. जोडाक्षरांना जागा जास्त लागते, नाहीतर ‘क्ष’ आणि ‘त्र’च्या मधला बारीक दगड कोरतानाच उडतो. दगडावर रेखाटलेला मजकूर छिन्नी लागण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचावा, एकाने शेवटाकडून सुरुवातीकडे.

प्रश्न : आमच्या गावठाणात शेंदूर फासलेला उंच कोरीव दगड आहे. जाणकार त्याला वीरगळ म्हणतात. मंडळाला तो नव्या मंदिरात टाइलच्या भिंतीत बसवायचा आहे. शेंदूरही काढायचा आहे.
(नवी मुंबई)

उत्तर : खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतील तर तो वीरगळच. म्हणजे शिलाहार-यादवांच्या काळापासून चालत आलेले युद्धस्मारक. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. शंभर वर्षांपेक्षा जुने दगडी शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. हलवण्याआधी राज्य पुरातत्त्व संचालनालयाला फोटो, मापे आणि जागेच्या नकाशासह लेखी कळवा. दगड जिथे उभा आहे ती जागा हाही पुरावा असतो, म्हणून शक्यतो तिथेच राहू द्या.

भिंतीत बसवू नका. पाठ बंद झाली की ओल समोरून, म्हणजे कोरीवकामातून बाहेर पडते. दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, वीस सेंटिमीटर जाड दगडाचे वजन सव्वाचारशे किलोच्या पुढे जाते. चार पोरे लावून उचलायची ही वस्तू नाही. उचलावाच लागला तर लोखंडी तिवई, एक टनाची चेनपुली आणि रुंद नायलॉनचे पट्टे, पट्ट्याखाली गोणपाट. तार किंवा साखळी थेट लावली की कड उडते. बुडाचा न घडवलेला भाग वाळू-खडीच्या खड्ड्यात घालून ठोकून बसवा, काँक्रीट ओतू नका. वरून साधे छप्पर केले तर त्याची पागोळी दगडापासून किमान एक मीटर लांब पडली पाहिजे.

शेंदराचे म्हणाल तर, पूजा चालू असेल तर तो प्रश्न आधी गावाचा आहे, दगडाचा नंतर. सर्वांची संमती असेल तरच हात लावा. तेलात कालवलेल्या शेंदराचे थर वर्षानुवर्षे साचून त्यांचे कवच होते. ते बांबूच्या चिपाटीने हलके उचलले तर पुष्कळदा वाटीएवढे तुकडे सुटतात. उरलेल्याला हात लावू नका, ते काम संवर्धकाचे. शेंदरात शिसे असू शकते: मास्क, हातमोजे, निघालेला चुरा पिशवीत, विहिरीजवळ नाही. दगडफूल धरलेले असेल तर कोरडे खरवडू नका, त्याच्या तंतूंबरोबर दगडाचे दाणे निघतात. बेंझाल्कोनियम क्लोराइडचे एक-दोन टक्क्यांचे द्रावण नोव्हेंबरात कोरड्या दगडावर फवारा. दोन-तीन आठवड्यांनी ते तपकिरी पडून ब्रश-पाण्याने निघते.

प्रश्न : आमचे हुतात्मा स्मारक काँक्रीटचे आहे. छताचे तुकडे पडतात, सळ्या दिसतात. इथेही चुनाच वापरायचा का?
(उरण तालुका)

उत्तर : नाही. दगडाच्या चौथऱ्याला जे सिमेंट मारते तेच इथे लागते. काँक्रीटचा अल्कधर्मी गुण सळीला गंजू देत नाही. हवेने तो गेला किंवा खाडीचे मीठ आत शिरले की सळी फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. पडलेल्या जागी नुसता गिलावा केला तर तो वर्षा-दोन वर्षांत पडतो आणि सळी परत दिसते.

हातोडीने सगळे छत ठोकून पाहा, पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखा. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचे एक टक्का द्रावण टाका: गुलाबी झाले तर काँक्रीट जिवंत आहे, रंग आला नाही तिथवर हवा पोचली आहे. मीठ मात्र या चाचणीत कळत नाही. उरणसारख्या ठिकाणी काँक्रीटचा चुरा प्रयोगशाळेत देऊन क्लोराइड तपासावे, कारण गुलाबी येऊनही सळी गंजत असते. पोकळ काँक्रीट सळीच्या मागे दोन सेंटिमीटरपर्यंत काढा, अर्धीच सळी उघडी ठेवून काम केले तर जोडाशी गंज पुन्हा सुरू होतो. गंज पूर्ण घासून झिंक प्रायमर द्या. सळीची जाडी चौथ्या हिश्शाने कमी झाली असेल तर शेजारी नवी सळी बांधा. मग पॉलिमरयुक्त मसाला थरांत भरा. सागरी हवेसाठी भारतीय मानक ४५६ मध्ये सळीवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. जुन्या छतांत ते बहुधा निम्मेही नसते, म्हणून वरून लेप वाढवावा लागतो आणि त्याचे वजन छताला पेलेल का हे इंजिनिअरकडून लेखी घ्यावे. गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग आणि पन्हाळी आधी, छताखालची दुरुस्ती नंतर. काम चालू असताना आतली नामफलकाची शिळा काढून ठेवू नका. तिला जागेवरच प्लायवूड आणि फोमने झाकून घ्या, कारण काढलेल्या शिळा परत बसवताना तुटतात किंवा ‘नवीनच करू’ म्हणून गोदामात राहतात.